बोळातली टाकी

ठिपके सगळ्यात आधी चिंगीला दिसले. न्हाणीघराच्या बाहेरच्या बोळात ती उकिडवी बसली होती, नाक काचेला टेकवून, आणि तिथूनच तिने हाक मारली, "बाबा, याच्या अंगावर मीठ सांडल्यासारखं काय दिसतंय?"

दादा दाढी करत होता. अर्ध्या गालावरचा फेस तसाच ठेवून तो बाहेर आला, कामाचा टॉर्च त्याने माशावर मारला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. माझा भाऊ बोलण्यात मुळातच कंजूष. लिफ्टचा मेकॅनिक तो. अख्खा जन्म अंधारात लोंबकळत तारांना ग्रीस लावण्यात गेला, माणसांशी बोलायची सवयच लागली नाही. पण त्याच्या गप्प बसण्याचेही प्रकार आहेत, आणि हा प्रकार मला आवडला नाही.

"आलाच शेवटी रोग," एवढं म्हणून तो उरलेली दाढी करायला निघून गेला.

मासा घरात येऊन फार दिवस झाले नव्हते. हाताच्या पंजाएवढा, गर्द निळा, शेपटी पिवळीधमक. चिंगी, म्हणजे दादाची एकुलती एक मुलगी, सासरहून अचानक आली आणि त्याच आठवड्यात दादा तो घेऊन आला. दुसरा बाप मुलीला सिनेमाला नेईल, कपडे घेईल. आमच्या दादाने मासा आणला. कुणासाठी आणला ते मात्र सांगितलं नाही.

हॉलमध्ये त्याची खाऱ्या पाण्याची मोठी टाकी आहे. चिंगी शाळेत होती तेव्हापासून आहे. तिच्यात दगड, दोन कोळंब्या, फुलासारखा एक प्राणी, आणि त्या फुलाच्या कुशीत राहणारं एक नारिंगी पट्टेवालं जोडपं. त्यांना आम्ही म्हातारा आणि म्हातारी म्हणतो. म्हातारी अंगाने मोठी, म्हातारा तिच्या मागे मागे. वहिनीला हे सगळं थेर वाटतं, असं ती येईल-जाईल त्याला सांगते. पण संध्याकाळचा चहा झाला की चिमूटभर खाणं घेऊन टाकीपाशी तीच उभी राहते, आणि म्हातारी थेट तिच्या बोटाशी येते. दादाच्या बोटाशी कधी आली नाही.

तर, बाजारातून आणलेला मासा एकदम हॉलमध्ये जाऊ शकत नाही. तो बोळातल्या टाकीत राहतो, महिना-दीड महिना. उघडीबोडकी काचेची पेटी ती. वाळू नाही, दगड नाही. लपायला नळाच्या पाइपचे तुकडे तेवढे. तिची जाळी वेगळी, बादली वेगळी, बादलीला लाल पट्टी. आधी हॉलमधल्या टाकीचं करायचं, मग बोळातलं. उलटं चालायचं नाही. बोळातल्या पाण्यात हात गेला तर कोपरापर्यंत साबणाने धुवायचा आणि कोरडा ठणठणीत करायचा. ओल्या हाताने कुणी हॉलकडे वळलं तर दादा ओरडत नाही, नुसता बघतो. त्यापेक्षा ओरडलेलं बरं. वहिनी म्हणायची, "चिंगीच्या वेळी माझी एवढी बडदास्त नव्हती ठेवली."

मी या घरातली आत्या. टेलिफोन ऑपरेटर होते, आता निवृत्त. लग्न केलं नाही म्हणून भावाने ठेवून घेतलं असं लोकांना वाटतं. मी नसते तर या घरात बोललं कोण असतं, हा विचार कुणी करत नाही.

चिंगी आली ती भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा कुडता घालून. एक बॅग, चेहऱ्यावर हसू. चार दिवस राहावंसं वाटलं, म्हणाली. जेवताना पाण्याचा तांब्या घ्यायला हात पुढे केला आणि बाही वर सरकली. दंडावर बोटांचे वळ होते, निळे-काळे, अगदी मोजून घ्यावेत असे. न्हाणीघरात घसरले, ती म्हणाली. वहिनीने मान खाली घातली. दादाचा घास हातातच राहिला. मी एवढी तोंडाळ बाई, पण मीही नुसता तिच्या ताटात भात वाढला.

पुढे एकदा आम्ही दोघी कपड्यांच्या घड्या घालत होतो. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "त्याला राग आला की तो ओरडत नाही, आत्या. आधी उठून दार लावतो."

मी हातातली चादर पुन्हा पुन्हा तीच घडी घालत राहिले.

ठिपके दिसल्यावर दादाने औषध सुरू केलं. तांब्याचं औषध असतं, निळसर. एकदम पूर्ण मात्रा दिली तर मासाच दगावायचा, म्हणून थोडी थोडी वाढवत न्यायची. रोज छोट्या बाटलीत टाकीतलं पाणी घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे आणि पाण्याला आलेला रंग कागदावरच्या रंगाशी ताडून बघायचा. हे काम त्याने चिंगीवर सोपवलं. पोरगी दिवसभर खोलीत पडून असायची, ती यासाठी उठायला लागली. दादा कामावरून आला की दोघं बोळात बसायची. दादा आयुष्यात बोलला नसेल एवढं त्या बोळात बोलला, आणि सगळं माशांच्या रोगाबद्दल. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. कान तेवढे माझे अजून शाबूत आहेत.

तो सांगायचा, की हा ठिपका म्हणजे जिवंत किडा आहे. माशाच्या कातडीच्या आत बसून त्याला खातो. तिथे असेपर्यंत औषध त्याला शिवत नाही. पोट भरलं की तो गळून तळाशी जातो, कवच करून बसतो, आणि एकाचे शेकडो होऊन बाहेर पडतो. पोहत नवा मासा शोधत असतो तेवढ्यातच काय तो औषधाने मरतो.

हॉलमध्येच का नाही औषध घालत, चिंगीने विचारलं. तो म्हणाला, फूल मरेल, कोळंब्या मरतील. तिथे काही करता येत नाही, तिथे तो शिरूच द्यायचा नाही.

मासा मात्र पाइपच्या तुकड्यामागे तोंड घालून उभा असायचा आणि धापा टाकायचा. मध्येच सटकन उडी घेऊन काचेला अंग घासायचा. जेवायला बसलं की बोळातून तो टक्क आवाज यायचा, आणि प्रत्येक वेळी चिंगी दचकायची.

मग एका सकाळी ठिपके नव्हते. एकही नाही. निळा रंग लख्ख, मासा पाइपच्या बाहेर येऊन ऐटीत फिरत होता. वहिनी खूश झाली. चिंगीच्या दंडावरचे वळही एव्हाना पिवळे पडून मावळले होते आणि ती आखूड बाह्या घालायला लागली होती. वहिनीने ते बघितलं होतं, आणि मनातल्या मनात दोन्ही गोष्टींची गाठ मारून टाकली होती, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. वहिनी वाईट बाई नाही. तिला घर मोडायची भीती वाटते. तिच्या धाकट्या बहिणीचं मोडलं, ते तिने जवळून बघितलं आहे.

"बरा झाला की हो," ती दादाला म्हणाली.

दादाने मान हलवली. "बरा नाही झाला. दिसेनासा झालाय. ही वेळ सगळ्यात वाईट. आता खाली तळाशी तो वाढत असणार, आणि कल्ल्यांत तर आपल्याला दिसतच नाही. या वेळेला माणूस फसतं आणि मासा उचलून हॉलमध्ये टाकतं."

बोलत होता वहिनीशी, पण बघत होता चिंगीकडे. मग स्वतःच्याच बोलण्याने अवघडल्यासारखा उठला आणि हात धुवायला गेला. मला वाटलं, आता तरी पुढचं वाक्य बोलेल. नाही बोलला.

जावईबापूंचे फोन त्याच सुमारास सुरू झाले. चिंगी घेत नव्हती, म्हणून वहिनीला यायचे. एकदा वहिनीचे हात कणकेत होते म्हणून मी उचलला. मी नोकरीभर लोकांचे आवाज ऐकले आहेत. चढ्या आवाजाला मी कधी भ्यायले नाही. चढलेला आवाज उतरतो. याचा आवाज मऊ होता, मधात घोळलेला, आणि त्याला अजिबात घाई नव्हती. माझंच चुकलं आत्या, कामाचा ताण होता, तिच्याशिवाय घर खायला उठतं. सगळं बरोबर बोलला. फोन ठेवल्यावर मी हात पदराला पुसले, आणि का पुसले ते मलाच कळलं नाही.

वहिनीने त्याला रविवारी बोलावलं. चिंगीला विचारलं नाही, दादाला सांगितलं. दादा म्हणाला, येऊ दे.

रविवारी सकाळीच दादाला बोलावणं आलं. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत माणसं होती. तो हत्यारांची पिशवी घेऊन धावला. चिंगी अंघोळीला गेली. मी दूध आणि फुलं आणायला खाली उतरले, रांगेत उभी राहिले, दोन ओळखीच्या बायका भेटल्या, व्हायचा तो उशीर झाला.

परत आले तर बोळ आरशासारखा लख्ख. टाकी नाही. लाल पट्टीची बादली नाही. औषधाची बाटली, जाळी, पाइपचे तुकडे, काही नाही, सगळं माळ्यावर. हॉलमध्ये मोठ्या टाकीत निळा मासा दगडांतून भिरभिरत होता आणि म्हातारी फुलाला चिकटून त्याच्याकडे बघत होती.

"अगं, ठिपके कधीच गेले त्याचे," वहिनी म्हणाली. ती पडदे सारखे करत होती. "जावई हात धुवायला जाणार, आणि वाटेत ते डबडं, त्या बाटल्या. घरात आजारपण आहे असं वाटलं असतं त्याला. चांगल्या मोठ्या स्वच्छ गाळणीने काढला मी, हात धुऊन, आणि टाकी शेजारच्या मुलाने वर चढवली."

चिंगी न्हाणीघराच्या दारात ओल्या केसांनी उभी होती. तिने रिकामा बोळ बघितला, मग हॉलकडे बघितलं, आणि काही न बोलता आत जाऊन लांब बाह्यांचा कुडता घालून आली.

दादा आला तेव्हा जावई येऊन बसला होता. दादाने दारातच टाकी बघितली. तोंडावरची रेघ हलली नाही. तो सरळ आत गेला, ग्रीसचे हात धुतले आणि येऊन खुर्चीत बसला. काढायचा म्हटला तरी तो मासा दगडांच्या कपारीत शिरलेला. सगळी टाकी उपसल्याशिवाय हाती लागला नसता. शिवाय त्याचं पाणी त्या पाण्यात मिसळलं होतं. हे मी पुढे त्याच्याच तोंडून ऐकलं.

जावई छान बोलला. चहा घेतला, वहिनीच्या हाताला चव आहे म्हणाला, दादाला लिफ्टबद्दल विचारलं. मग उठून टाकीपाशी गेला.

"नवीन वाटतं हा? ऐटबाज आहे." आणि बोटातल्या अंगठीने त्याने काचेवर टकटक केलं. म्हातारी फुलात घुसली.

दादा म्हणाला, "काचेवर वाजवू नका. त्यांना फार जोरात लागतं ते."

जावई हसला. मागे वळून, दादाकडे बघत, हसत हसतच त्याने पुन्हा एकदा वाजवलं. हळूच. चिंगीचा हात आपोआप दंडावर गेला. मी बघितलं. वहिनीने बघितलं की नाही, मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

पुढच्या रविवारी न्यायला येतो, असं ठरवून तो गेला.

तो गेल्यावर दादाने माळ्यावरून बोळातली टाकी खाली काढली, पुसली, खारं पाणी कालवायला घेतलं. वहिनीला तो एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. ती सारखी टाकीपाशी जायची, म्हणायची, "काही नाही झालं हो, बघा ना, कसे छान आहेत सगळे." आणि खरंच छान होते. दोन दिवस, तीन दिवस. ते दिवस मी कधी विसरणार नाही. घरात सगळे एकमेकांशी नीट बोलत होते, वहिनी चिंगीची बॅग भरत होती, चिंगी भरू देत होती, आणि येता-जाता प्रत्येकाची नजर टाकीवर. सगळ्यांचा जीव टांगणीला.

पहिला ठिपका म्हातारीच्या पांढऱ्या पट्ट्यावर आला असेल तर कुणाला दिसला नसणार. नारिंगी अंगावर दिसला तोवर म्हाताऱ्याच्याही अंगावर होते. निळ्या माशावर सगळ्यात जास्त. संध्याकाळी वहिनी चिमूट घेऊन उभी राहिली, तर म्हातारी वर आली नाही. फुलातसुद्धा नव्हती. एका कोपऱ्यात, पाणी पडतं त्या नळीच्या तोंडाशी, कल्ले फाकवून श्वास ओढत होती. वहिनीने बोट पाण्याशी धरलं आणि तशीच उभी राहिली. मग तिने मागे वळून बघितलं. दादा दारात होता.

"मी केलं हे," वहिनी म्हणाली.

"आता दगड काढावे लागतील," दादा म्हणाला. "धर जरा बादली."

सगळे दगड बाहेर निघाले. तिन्ही मासे बोळात गेले. दादाने औषध घातलं, चिंगीने रंग ताडून बघितला, पुन्हा घातलं. मात्रा हळूहळू वाढवायला वेळ हवा असतो, तो आता नव्हता. निळा मासा त्यातूनही तगला. त्याचं आधीच अर्धं औषध झालं होतं. म्हातारा तळाशी बसून राहिला. म्हातारी शुक्रवारी दुपारी गेली, पाइपच्या तुकड्यात, आडवी. दादाने तिला जाळीने नाही, हातानेच काढलं. त्या रापलेल्या ओंजळीत ती केवढीशी दिसली. गच्चीतल्या कुंडीत पुरताना वहिनी जवळ आली नाही; पण माती तिनेच कालवून ठेवली होती.

रविवारी सकाळी दादा हॉलमध्ये रिकाम्या टाकीत दगड परत लावत होता. चिंगी शेजारी उभी राहून एकेक दगड त्याच्या हातात देत होती. बॅग दाराशी भरून तयार होती. मी खिडकीपाशी बसले होते. खाली जावयाची गाडी येऊन थांबलेली मला दिसली होती, पण मी बोलले नाही.

"आत मासा नाही, तर दिवा कशाला लावलाय?" चिंगीने विचारलं.

"फुलाला लागतो. ते जगलंय."

"आणि किडे?"

"तेही आहेत. तळाला, दगडांना." दादा दगड फिरवून बसवत होता. "अडीच महिने टाकी अशीच ठेवायची. दिवा, पाणी, सगळं चालू. फक्त मासा नाही. खायला मासा मिळाला नाही, की तो मरतो. दुसरा उपाय नाही त्याला." मग हात पाण्यातच ठेवून, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "लोक आधीच मासा सोडतात. टाकी छान दिसते ना, म्हणून."

बेल वाजली.

दार चिंगीने उघडलं. तो हसत उभा होता, हातात फुलं. निघायचं ना, म्हणाला. तिने फुलं घेतली नाहीत.

"अजून नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"अजून नाही यायचं मला."

मी कान टवकारले होते. त्याचा आवाज चढला नाही. उलट खाली गेला, तिच्यापुरता, ओठ न हलवता. मी आत खिडकीपाशी होते तरी मला शब्द न् शब्द ऐकू आला, कारण असले आवाज पकडण्यातच माझी नोकरी गेली. तो म्हणाला, "आईवडिलांसमोर तमाशा करू नकोस. गाडीत बस. घरी गेल्यावर बघू आपण." आणि बोलता बोलता त्याने हात मागे नेला आणि सवयीने आमचं दार ओढून घ्यायला लागला. आमचं दार.

वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर होती. तिला शब्द ऐकू गेले नसतील. पण दार सरकताना तिने बघितलं, आणि चिंगीचा हात दंडाकडे जाताना बघितला, या वेळी नक्की बघितला. ती पुढे झाली. दार धरून तिने ते पुन्हा सताड उघडलं आणि तशीच धरून उभी राहिली. दादा तिच्यामागे येऊन उभा राहिला, बाह्या वर केलेल्या, कोपरापर्यंत पाणी निथळत होतं. जावयाने शेकहँडसाठी हात पुढे केला.

"ओले आहेत," दादा म्हणाला. "रोग्याच्या टाकीतले. या आता तुम्ही."

त्याने हात मागे घेतला. मग जिन्यात त्याच्या बुटांचा आवाज ऐकू आला, अजिबात घाई नसलेला. दाराशी पडलेली बॅग वहिनीने उचलली, जड होती, दोन्ही हातांनी उचलली, आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

गाडी मात्र खालीच होती. दुपारी होती, चहाच्या वेळी होती. काचा वर केलेल्या, आत तो दिसत नव्हता. दादाने एकदा खिडकीतून बघितलं आणि दाराची वरची कडी घातली, जी आम्ही कधीच घालत नाही.

संध्याकाळी सवयीने वहिनी खाण्याची डबी घेऊन हॉलमधल्या टाकीपाशी आली. दिवा जळत होता, पाणी वाहत होतं, फूल उगाचच हलत होतं. ती तिथे उभी राहिली. चिमूट बोटांतच होती. मग बोळात गेली, म्हाताऱ्याला आणि त्या निळ्याला खायला घातलं. म्हातारा हलला, थोडंसं खाल्लंही त्याने. परत येताना ती मोरीपाशी थांबली. साबण लावून हात कोपरापर्यंत धुतले आणि पुसायला घेतले. बोटांच्या बेचक्यातून, नखांच्या कडेने, बांगड्या वर सरकवून. कोरडे झाले होते तरी ती पुसतच होती.